शापित पात्र खेळायचंय? आधी उःशाप लिहा

ज्यांनी हा एपिसोड ऐकलाय त्यांच्यासाठी हे त्याचं वाचायचं रूप, आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांनी इथूनच सुरुवात केली तरी चालेल. बोलताना मी दोनदा भलतीकडे भरकटलो होतो. त्यातलं एक भरकटणं काढून टाकलंय. दुसरं ठेवलंय, कारण नंतर ऐकल्यावर कळलं की मुद्दा तिथेच होता.

तर विषय असा. टेबलटॉप रोलप्लेइंगमध्ये राक्षस हा समोरून येणारा शत्रू असतो. गेम मास्टर त्याला चालवतो आणि आपण त्याला मारतो. पण कधीतरी कुणीतरी म्हणतंच, ‘मला तोच व्हायचंय.’ तेही साधा राक्षस नाही, शापित. म्हणजे आधी कुणीतरी चांगला होता, शाप लागला आणि असा झाला. हे ऐकायला भारी वाटतं. नियमांत बसवायला गेलं की घाम फुटतो.

नवीन लोकांसाठी दोन मिनिटं. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. बोर्ड लागत नाही. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि जमेल की नाही अशी शंका असलेलं काहीही करायचं तर वीस बाजूंचा फासा टाकतात. पात्र बनवताना एक ठरवावं लागतं, की ते माणूस आहे, बुटका ड्वार्फ आहे, एल्फ आहे की आणखी काही. याला आधी ‘रेस’ म्हणायचे. 2024 च्या प्लेयर्स हँडबुकात तो शब्द गेला आणि ‘स्पीशीज’ आला. शब्द का बदलला, त्याकडे येतोच.

आमचा ग्रुप नागपुरात दर रविवारी भेटतो. दिवसा सगळे मिहानमध्ये नाहीतर घरूनच कोड लिहिणारे, आणि रविवारी सकाळी तर्री-पोहे झाले की गॅलरीत टेबल लागतं. गेम मास्टर मी. आमच्यातली एक मैत्रीण म्हणाली, तिला शापित पात्र हवंय. पुस्तकात मनासारखं सापडेना, म्हणून मीच लिहायला बसलो. इंजिनियर माणूस, आधी एक्सेल उघडलं.

माझी पहिली आवृत्ती अशी होती: ‘शापित’ ही एक स्पीशीज. जन्मतःच शापित. चेहरा भेसूर, त्यामुळे अनोळखी माणसाशी बोलताना प्रत्येक वेळी डिसअॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकायचे आणि त्यातला कमी आकडा धरायचा. बदल्यात ताकद जास्त, अंधारात दिसतं, आणि नखं हत्यारासारखी चालतात. कागदावर एकदम बॅलन्स्ड. मी खूष.

पहिल्याच सत्रात गावाच्या वेशीवर पहारेकरी. तिच्या पात्राला बोलून आत जायचंय. समजा तिचा बोनस तीन आणि गाठायचा आकडा पंधरा. म्हणजे फाशावर बारा किंवा जास्त पडायला हवा. साध्या फाशाने ती शक्यता 45 टक्के. दोन्ही फाशांवर तेवढं पडायला हवं म्हटलं की ती सुमारे 20 टक्क्यांवर येते. पाचात एकदा. त्या रविवारी ती चार वेळा बोलली आणि चारही वेळा पडली. पहारेकऱ्याने हाकललं, सराईवाल्याने हाकललं, पोरांनी दगड मारले. ते दगड मी हौसेने वर्णन केले होते, हेही कबूल करतो. पाचव्यांदा तिने फासा उचललाच नाही. ‘तुम्ही जा आत, मी बाहेर थांबते,’ म्हणाली. मला वाटलं, ती पात्र मस्त निभावतेय.

खेळ संपल्यावर बाकीचे गेले. ती ग्लास आवरता आवरता म्हणाली, ‘एक सांगू का बे? जन्मतःच शापित म्हणजे काय असते, हे तू एक्सेलमध्ये काढून राहिला. माझ्या पणजोबांची रोज पोलीस पाटलाकडे हजेरी लागायची. काही केलं म्हणून नाही. अमुक जातीत जन्मले म्हणून.’

हेच ते भरकटणं, जे मी ठेवलंय. तिच्या परवानगीने ठेवलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इंग्रजांनी 1871 साली क्रिमिनल ट्राइब्स अॅक्ट आणला. त्यात जमातीच्या जमाती ‘गुन्हेगार’ म्हणून नोंदल्या गेल्या. हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही, काहींना तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये ठेवायचं. मूल जन्मलं की ते आपोआप त्या यादीतलं. स्वातंत्र्यानंतर 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का कायद्याने पुसला. म्हणून विमुक्त जमाती तो दिवस पाळतात. कायद्याने पुसला, पण गावाच्या वेशीवर किती पुसला गेला, हे तिने चार फाशांत मला दाखवलं होतं. आणि पाचवा टाकायला नकार देऊन.

मी त्या रात्री ती फाइल डिलीट केली नाही, पण बंद केली. दोन आठवडे आम्ही दुसरंच काहीतरी खेळलो.

मग मी बघायला लागलो, की ज्यांनी हा खेळ बनवला त्यांनी हे कसं सोडवलं. थोडक्यात सांगायचं तर अडखळत अडखळत. 2003 मध्ये तिसऱ्या आवृत्तीसाठी ‘सॅव्हेज स्पीशीज’ नावाचं अख्खं पुस्तक निघालं, राक्षसांना खेळायची पात्रं करण्यासाठी. त्याचा हिशोब असा, की राक्षस मुळात जास्त ताकदवान, म्हणून त्याची लेव्हल मोजताना जास्तीची धरायची. परिणाम काय, तर हा ताकदवान राक्षस दोन फटक्यांत आडवा, कारण बाकीच्यांच्या लेव्हल खऱ्या आणि याच्या अर्ध्या कागदावरच्या. 2016 मध्ये ‘व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स’ आलं. त्यात ऑर्कला बुद्धीत उणे दोन आणि कोबोल्डला ताकदीत उणे दोन. म्हणजे सगळे ऑर्क जन्मतः थोडे मठ्ठ. त्यावर बरीच बोलणी झाली आणि 2020 मध्ये ते उणे काढलं गेलं. 2024 च्या पुस्तकात तर ताकद, बुद्धी वगैरेचे वाढीव गुण स्पीशीजकडून काढून पात्राच्या पूर्वायुष्याला, म्हणजे बॅकग्राउंडला जोडले. तू कोण जन्मलास यापेक्षा तू आजवर काय केलंस, त्याला गुण. ‘रेस’ हा शब्द जाण्यामागे हीच दिशा आहे. काही लोकांना हा नखरा वाटतो. मलाही आधी थोडा वाटायचा.

शापाच्या बाबतीत मात्र डी अँड डी अजून गोंधळलेला आहे. त्यात ‘रिमूव्ह कर्स’ नावाचा तिसऱ्या पातळीचा मंत्र आहे. पुजारी पाचव्या लेव्हलला पोहोचला की तो टाकू शकतो. म्हणजे तुम्ही तीन महिने शापित होऊन रडा, आणि एका रविवारी पार्टीतला पुजारी चहा पितापिता म्हणतो, ‘थांब, काढतो.’ गोष्ट खलास. याला सगळ्यात गमतीशीर अपवाद 2014 च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये आहे, लांडगामाणसाचा. चावल्यामुळे जो झाला त्याचा शाप या मंत्राने उतरतो. पण जो जन्मतःच तसा, त्याला ‘विश’ लागतो. तो नवव्या पातळीचा मंत्र, सतराव्या लेव्हलला मिळतो. बहुतेक टेबलं तिथवर पोहोचतच नाहीत. परत तेच, जन्माचा शाप सुटत नाही. 2021 च्या ‘व्हॅन रिश्टेन्स गाइड टू रेव्हनलॉफ्ट’मध्ये जरा बरं केलंय. त्यात धॅम्पिर, हेक्सब्लड आणि रिबॉर्न अशी तीन ‘लिनिएज’ आहेत. पात्र आधी कुणीही असो, मग त्याचं काहीतरी होतं आणि वरून ही लिनिएज चढते. हे मला पटलं. पण त्यात सुटकेबद्दल काही नाही. चढलं ते चढलं.

आणि इथे मला आजी आठवली. आमची आजी गोष्ट सांगताना कुणी शाप दिला की मी लगेच विचारायचो, ‘मग उःशाप काय?’ ती चिडायची, ‘दम तर धर.’ पण उःशाप असायचाच, जवळजवळ दर वेळी. आपल्या गोष्टींमधल्या शापाला एक ठरलेली बांधणी आहे: कुणीतरी देतो, कशासाठी तरी देतो, एका माणसाला देतो, आणि तो कसा सुटेल तेही बहुतेक वेळा तिथेच सांगतो. इंजिनियरच्या भाषेत, एक्झिट कंडिशन नसलेला लूप इथे कुणी लिहीत नाही.

उदाहरण शोधायला फार लांब जायचं नाही. नागपूरहून तासाभराच्या वाटेवर रामटेक. कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष ज्या रामगिरीवर राहिला तो हाच, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींसारख्या अभ्यासकांनी मांडलं. आज तिथे कालिदासाचं स्मारक आहे, कालिदासाच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ आहे. या यक्षाला कुबेराचा शाप, कामात चूक केली म्हणून. मुदत एक वर्ष. शक्ती गेली, बायकोपासून ताटातूट. राक्षस वगैरे काही झाला नाही. खेळाच्या दृष्टीने पात्र जरा सपक आहे, कारण त्याला वाट बघण्याखेरीज काही करायचंच नाही. (माझा नोटीस पीरियड असाच गेला होता.)

कबंध जास्त कामाचा. रामायणात अरण्यकांडात भेटतो. डोकं नाही, मान नाही, तोंड पोटात, आणि हात एक योजन लांब. खेळात याला लांबून पकडायची ताकद द्यावी लागेल आणि हेल्मेट कधीच मिळणार नाही. त्याचाही शाप आहे आणि उःशापही: राम-लक्ष्मणांनी हात तोडून त्याचं दहन करायचं. ते झाल्यावर तो मूळ रूपात उठतो आणि पहिली गोष्ट काय करतो? सुग्रीवाशी मैत्री कर, असं रामाला सांगतो. म्हणजे शाप सुटण्यातून पुढच्या अख्ख्या कथेचा रस्ता मिळतो. गेम मास्टर लोकांनो, हे वहीत लिहून ठेवा.

पण माझं सगळं काम झालं ते नळामुळे. नळ-दमयंतीची गोष्ट महाभारताच्या वनपर्वात आहे, आणि दमयंती आपली, विदर्भाची. तिच्या बापाची राजधानी कुंडिनपूर, म्हणजे अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर. ही गोष्ट शाळेत असताना हंसाच्या चित्रापाशी थांबली होती. मोठेपणी पूर्ण वाचली तेव्हा उडालोच, कारण ही चक्क फाशांची गोष्ट आहे.

दमयंतीने देवांना सोडून नळाला निवडलं म्हणून कली चिडला. तो बारा वर्षं टपून बसला आणि नळ एकदा पाय न धुता संध्येला बसला तेवढ्या फटीतून त्याच्या आत शिरला. त्याचा साथीदार द्वापर फाशांत शिरला. (ज्यांचा डी-ट्वेंटी सारखा एक दाखवतो, त्यांनी नोंद घ्यावी.) नळ भाऊ पुष्कराशी खेळून राज्य हरला, वनात गेला, झोपलेल्या दमयंतीला सोडून निघून गेला. मग त्याला वणव्यात अडकलेला कर्कोटक नाग दिसला. तोही शापितच. नारदाचा शाप, नळ येऊन उचलेपर्यंत जागचं हलता येणार नाही. नळाने त्याला उचललं. नाग म्हणाला, पावलं मोजत चल. दहाव्या पावलाला तो चावला. संस्कृतात ‘दश’ म्हणजे दहाही आणि ‘चाव’ही, त्यावरचा हा खेळ.

चावल्याबरोबर नळाचं रूप गेलं. आखूड हातांचा, कुरूप बाहुक झाला. पण कर्कोटक त्याला काय सांगतो ते बघा. तुला कुणी ओळखू नये म्हणून हे रूप. तुझ्या आत जो बसलाय त्याला माझं विष जाळत राहील, तुला नाही. ही दोन वस्त्रं घे. मूळ रूप हवं असेल तेव्हा मला आठवून ती पांघर. आणि अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे सारथी म्हणून जा. म्हणजे हे भेसूर रूप शिक्षा नाहीच. ते चिलखत आहे, आणि आतल्या शत्रूसाठी सापळा आहे.

मला इथेच माझी एक्सेल शीट चुकली कुठे ते दिसलं. मी रूपाला शिक्षा केलं होतं आणि ताकदीला नुकसानभरपाई. नळाचं रूप बदललं, पण त्याची विद्या गेली नाही. घोडे हाकणं तसंच, स्वयंपाकही तसाच. पुढे वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाची पानंफळं बघताक्षणी मोजून दाखवतो, आणि अश्वविद्येच्या बदल्यात नळाला फाशांची विद्या देतो. ती मिळताच कली विष ओकत नळातून बाहेर पडतो आणि त्या बेहड्यात शिरतो. बेहड्याच्या बियाच तेव्हा फासे म्हणून वापरत, म्हणून ते झाड. पण लक्षात घ्या, कली गेला तरी नळ बाहुकच राहिला. बग फिक्स झाला, स्क्रीन जुनीच. रूप परत आलं ते कुंडिनपुरात, दमयंतीने दासी पाठवून त्याचं वागणं तपासलं, त्याने शिजवलेलं चाखून ओळखलं, त्यानंतर. आधी ओळख, मग रूप.

या गोष्टीवरून मी ‘शापित’ पुन्हा लिहिला. आता ती स्पीशीज नाहीच. लिनिएजसारखी वरून चढते, आधी तुम्ही कुणीही असा. आणि ती कुणालाही वारशात मिळत नाही, हे पहिल्या ओळीत लिहिलंय. दोन शापितांचं मूल साधं मूल असतं.

पात्र बनवताना खेळाडू एक चिठ्ठी भरतो: शाप कुणी दिला, कशासाठी, काय गेलं, काय उरलं, कसा सुटेल. ‘काय उरलं’ हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तिथे एक विद्या लिहायची आणि तिच्यावर कायम अॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फाशांतला मोठा आकडा. एका फाशाची सरासरी साडेदहा, दोनातल्या मोठ्याची पावणेचौदाच्या वर. पुरेसं जाणवतं, पण खेळ मोडत नाही. दुसरी गोष्ट ‘आतलं विष’. कुणी जादूने तुमच्या मनाचा ताबा घेतला, तर तो टिकेल तोवर दर फेरीला सहा बाजूंच्या एका फाशाइतकी इजा त्यालाच. आमच्या टेबलवर एका चेटक्याने हे न कळता तिला वश केलं. त्याचे हाल मी स्वतः आवाज काढून केले.

बोलण्यावरचा डिसअॅडव्हान्टेज पूर्ण काढला. त्याऐवजी नियम असा, की या चेहऱ्यामागचं माणूस कुणी ओळखत नाही. यात तोटाही आहे आणि फायदाही, आणि कुठे काय ते खेळाडू ठरवतो, मी नाही. लोकांनी हाकलून देण्याचा प्रसंग हवा की नको हे आम्ही सत्र शून्यात, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत विचारतो. तिने नको म्हटलं. दगड बंद.

‘रिमूव्ह कर्स’चं काय? तो चालतो, पण त्या दोन वस्त्रांसारखा: तासाभरासाठी मूळ रूप. खरा शाप उःशापानेच सुटतो, आणि त्याचे तीन टप्पे. एक, ज्याने शाप दिला किंवा जो आत बसलाय त्याच्याबद्दलचं सत्य कळणं. दोन, आपली विद्या कुणाला तरी देऊन त्याची विद्या घेणं. तीन, जुन्या ओळखीच्या माणसाने आपल्याला चेहऱ्यावरून नाही, कामावरून ओळखणं. तिसऱ्यासाठी फासा टाकायचा नाही. तो टेबलवर बोलूनच खेळायचा.

एक शंका ग्रुपमध्येच आली: शाप सुटला की ताकद जाणार, मग कोण सोडवून घेईल? बरोबर आहे. म्हणून विष जातं, पण दुसऱ्या टप्प्यात मिळालेली विद्या राहते, एका फीटच्या रूपात. नळही तेच करतो. फाशांची विद्या घेऊन तो पुष्कराकडे परत जातो, पुन्हा खेळायला बसतो आणि यावेळी जिंकतो.

स्वतःच्या टेबलसाठी लिहायचं असेल तर मूळ नियम पुस्तक घेऊनच हवेत असं नाही. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे पायाभूत नियम 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळे आहेत. श्रेय दिलं की त्यावर रचून वाटताही येतं. मी माझी दोन पानं मराठीत लिहिलीत. शब्द अडले तिथे आजीचे घेतले.

मैत्रिणीचं पात्र सध्या दुसऱ्या टप्प्यावर आहे. चिठ्ठीत तिने ‘काय उरलं’ समोर लिहिलंय: माग काढणं, जनावराच्या पावलावरून तीन दिवसांपूर्वीचं सांगणं. मी विचारलं, हे कुठून सुचलं. म्हणाली, ‘सुचलं नाही, पणजोबांचं आहे.’ मागच्या रविवारी तिने ही विद्या आमच्यातल्या जादूगाराला शिकवली, बदल्यात वाचायला शिकली. तिसऱ्या टप्प्यात तिला कोण ओळखणार ते तिने मला अजून सांगितलेलं नाही. ‘तुला कशाला सांगू? तू गेम मास्टर आहेस, ओळख ना तूच,’ म्हणाली, आणि पोह्यावर अजून थोडी तर्री ओतून घेतली.